हुकवर हुकमी उतारा

क्रिकेटमध्ये हुक मारला की टाळ्या पडतात. गोल्फमध्ये हुक बसला की सगळी मंडळी झुडपात शिरतात, चेंडू शोधायला! उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मस्त निघतो, अर्ध्या वाटेत त्याचं मन बदलतं आणि तो डावीकडे गर्रकन वळतो. नाही सापडला तर एक स्ट्रोक पेनल्टी आणि पुन्हा मूळ जागेवरून शॉट. २०१९ च्या नियमांनंतर शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात.

शनिवारी सकाळी मी रेंजवर जाते, तिथं आठवडाभर क्युबिकलमध्ये बसणारे बरेच भेटतात. त्यातला एक सॉफ्टवेअरवाला मित्र सध्या भलत्या टेन्शनमध्ये आहे. बॉसने त्याला क्लायंटसोबतच्या राउंडला बोलावलंय आणि याचा ड्राइव्ह जातो शेजारच्या फेअरवेवर. त्याचा फंडा सोपा: चेंडू डावीकडे जातो ना, मग निशाणा उजवीकडे धरा! हुक आणखी मोठा झाला.

असं का होतं? चेंडू कुठल्या दिशेला निघणार, हे मुख्यतः क्लबफेस ठरवतो. तो किती वळणार, हे फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकावर ठरतं. वाट उजवीकडे आणि फेस त्या वाटेच्या मानाने डावीकडे बंद, की झाला हुक. निशाणा उजवीकडे सरकवला की वाट अजून उजवीकडे जाते, आणि फेस बंद करायला हात अजून घाई करतात.

दुसरा घोळ टिप्सचा. बहुतेक नवशिक्यांचा आजार उलटा, म्हणजे स्लाइस. त्यामुळे ‘ग्रिप स्ट्राँग करा, मनगटं फिरवा’ हे सल्ले जागोजागी मिळतात. हुकवाल्याने ते घेणं म्हणजे तापावर गरम शेक!

हुकने भल्याभल्यांना रडवलंय. टेक्सासच्या बेन होगनचं करिअरच त्यात अडकलं होतं. किशोरवयात प्रो झालेल्या या माणसाला टूरवर स्वतंत्रपणे पहिली स्पर्धा जिंकायला १९४० साल उजाडलं. त्याने डाव्या हाताची ग्रिप वीक केली, बॅकस्विंगच्या टोकाला डावं मनगट किंचित मागे वाकवलं आणि फेस लवकर बंद होणं थांबवलं. १९४६ मध्ये पहिली मेजर, पुढे एकूण नऊ! हे ‘सिक्रेट’ त्याने १९५५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात फोडलं. स्लाइसवाल्यांनी मात्र यापासून लांबच राहावं.

तुमचा हुक असेल, तर क्रमाने हे करून बघा.

आधी ग्रिप. चेंडूसमोर उभं राहून खाली बघा. डाव्या हाताची तीन-चार बोटांची पेरं दिसतात? हात टार्गेटच्या बाजूला फिरवा, दोनच दिसू देत. उजवा हात दांड्याखाली सरकला असेल, तर तो वर आणा. गल्ली क्रिकेट खेळून मोठ्या झालेल्या आपल्या मंडळींचा बॉटम हॅण्ड जरा जास्तच हौशी असतो!

मग स्टान्स. पायांपुढे एक क्लब आडवा ठेवा. तो टार्गेटच्या उजवीकडे रोखलेला असेल, तर सरळ करा. चेंडू उजव्या पायाकडे गेला असेल, तर थोडा पुढे घ्या. ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या रेषेत.

शेवटी शरीर. कंबर थांबली की मनगटं उलटतात. म्हणून फिनिशला बेल्टचं बक्कल टार्गेटकडे हवं. क्लब फारच आतून येत असेल, तर चेंडूच्या फूटभर मागे, आपल्या पायांच्या बाजूला, हेडकव्हर ठेवा. त्याला न लागता मारा.

एका बकेटला एकच बदल, तोही आधी छोट्या आयर्नने. नवी ग्रिप सुरुवातीला उलट्या पायात चप्पल घातल्यासारखी वाटेल, चेंडू उजवीकडे भरकटेल. घाबरू नका, लगेच जुन्या ग्रिपवर जाऊ नका. डावीकडेच पळणारा चेंडू उजवीकडेही जायला लागला, म्हणजे औषध लागू पडतंय!