नट-बोल्टांची बाराखडी

आमच्या बीडच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. हलवला की तो खुळखुळतो. गेल्या दिवाळीत साफसफाईच्या वेळी तो खाली निघाला आणि ताईच्या आठ वर्षांच्या नातीने झाकण उघडून तो सरळ फरशीवर उपडा केला. भोकाभोकांच्या लाल-हिरव्या पट्ट्या, चार चाके, दोन पुल्या, एक आकडा, एक पाना आणि मूठभर नट-बोल्ट. रंग ठिकठिकाणी उडालेला, काही पट्ट्या वाकलेल्या.

"आबा, हे काय आहे?"

"ही आमची शाळा," मी म्हणालो. उत्तर जरा नाटकी झाले खरे; पण खोटे नव्हते.

१९८१ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईचा मामा एस.टी.ने आला तो हा खेळ घेऊन. असल्या साऱ्या खेळांना आम्ही सरसकट 'मेकॅनो' म्हणत असू, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. आपल्याकडच्या कित्येक घरांत हाच खेळ 'मेकॅनिक्स' या नावाने ओळखीचा आहे. वडील शिक्षक. त्यांनी खोका उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "यात अभ्यास कुठे आहे?" आईने त्याच दिवशी बजावले, "नट हरवला तर केरात शोधायचा, मला विचारायचे नाही."

मी पहिल्यांदा करायला घेतला तो रेल्वेचा पूल. जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, पण बीड शहराला नव्हती. वडील हसून म्हणाले, "आधी रूळ तर येऊ देत!" तरी मी चार पट्ट्यांचा चौकोन जोडला. बोट लावले की तो एका अंगाला कलंडायचा. नट कितीही आवळले तरी तेच. दुपारभर खटपट केल्यावर कंटाळून एक लांब पट्टी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी लावली, आणि चौकोन जागच्या जागी घट्ट झाला. वर पाहिले तर आमच्या पत्र्याच्या छपराखालच्या कैचीतही तशाच तिरप्या पट्ट्या होत्या! रोज त्यांच्याखाली झोपत होतो, पण दिसल्या त्या दिवशी.

उलाळ झालेली क्रेन

शाळेतला एक मित्र त्या सुट्टीत रोज आमच्याकडे येऊ लागला. दारातूनच विचारायचा, "काकू, हात धुऊन येऊ का?" त्याचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जात. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्याकडून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांची गणती एका हत्याराने होते आणि पोरांची तर कशातच होत नाही. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून हा मित्रही जायचा. मार्च-एप्रिलमध्ये परतायचा, तोवर वर्ग कितीतरी पुढे गेलेला असायचा. साहजिकच तो 'मागे पडलेला' मुलगा होता.

पुस्तिकेतले चित्र पाहून मी क्रेन केली. दोऱ्याला वजन अडकवले की ती तोंडावर पडायची. मी पुन्हापुन्हा नट आवळत होतो. मित्र थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "आवळून काय होतंय? उसाची गाडी उलाळ होते ना, तसंच झालंय हे. दुसऱ्या अंगाला वजन पायजे." अंगणातला एक खडा आणून त्याने मागच्या बाजूला बांधला. क्रेन उभी राहिली.

गाडीत मागे जास्त भार पडला की जू वर उचलले जाते, त्याला उलाळ म्हणतात. तरफ आणि तोल यांचा धडा आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात दोन वर्षांनी येणार होता. तो धडा या मुलाने उसाच्या मोळ्या रचताना आधीच गिरवलेला होता. फक्त आजवर कुणी त्याला त्यावर प्रश्न विचारला नव्हता. तो त्या पट्ट्यांनी विचारला.

त्यानंतर त्याने स्वतःची क्रेन करायला घेतली. पुस्तिकेत न पाहता. कारखान्याच्या आवारात गाडीतली मोळी साखळीने उचलून गव्हाणीत कशी टाकतात, ते त्याने पाहिले होते. ती तशीच्या तशी करायची होती. दिवाळी आली तेव्हा ती अर्धी झाली होती. जाताना म्हणाला, "तेवढी मोडू नको. आल्यावर करू."

मी मोडली. मला ट्रक करायचा होता आणि पट्ट्या कमी पडत होत्या. चैत्रात तो आला, त्याने डबा उघडून पाहिला, काही बोलला नाही. खाली बसला आणि तीच क्रेन पहिल्यापासून करू लागला. पहिल्या वेळी दोन महिन्यांत अर्धी झाली होती. या वेळी चार दिवसांत पुरी झाली. मोडलेले पुन्हा करता येते, आणि दुसऱ्यांदा अधिक चांगले करता येते, हे मी त्याच्याकडून शिकलो. माफी मागायचे मात्र राहून गेले.

कारकुनाने केलेले खेळणे

या खेळाचा जन्मही असाच घरातला. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी नावाचा एक कारकून होता. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याकडे नव्हती. आपल्या मुलांना खेळायला म्हणून तो पत्रा कापून पट्ट्या करीत असे. एका खेळण्याचे भाग दुसऱ्यालाही वापरता यावेत, या विचारातून त्याने सगळ्या पट्ट्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडली. अंतर एकच, म्हणून कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जुळणार. खेळाचे सारे मर्म एवढेच आहे. १९०१ मध्ये त्याने पेटंट घेतले आणि १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव आले. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा त्याचा प्रसिद्ध कारखाना १९७९ साली बंद पडला, पण खेळ टिकून राहिला.

बाराखडीशी याचे नाते आहे ते इथे. अक्षरे ठरावीक, पण त्यांतून शब्द हवे तेवढे. आज क्रेन, उद्या ट्रक, परवा पाळणा, पट्ट्या त्याच. चावी दिली की धावणारी मोटार दोन दिवसांत जुनी होते, कारण ती फक्त मोटारच असते.

आणि हा नुसता पोरखेळ नव्हे. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून एक गणनयंत्र उभे केले. खर्च सुमारे २० पौंड. संगणक यायचा होता त्या काळात अवघड समीकरणे सोडवणारे हे यंत्र अणूंच्या रचनेच्या गणितासाठी वापरले गेले. १९९६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक, हॅरी क्रोटो यांनी आत्मकथनात बालपणीच्या मेकॅनोला मोठे श्रेय दिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की नट सुटू नये इतका घट्ट, पण आटे जाऊ नयेत इतपतच आवळायचा, ही हाताची जाण या खेळातून येते. आपल्याकडचा कोणताही गॅरेजवाला हे मान्य करील. 'आटे गेले' हा शब्द पुस्तकातून समजत नाही, तो बोटांना समजतो.

मोठ्या संचात दातेरी चाके असतात. १९ दातांचे चाक ५७ दातांच्या चाकाला लावले की लहान चाक तीनदा फिरते तेव्हा मोठे एकदा. वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि जोर त्या प्रमाणात वाढतो. फळ्यावर रुक्ष वाटणारे प्रमाण इथे स्वतःच्या हाताने फिरवून पाहता येते. 'यात अभ्यास कुठे आहे' या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला असे उशिरा सापडले.

ज्यांना डबा परवडत नाही

आता खरा प्रश्न. धातूचा संच काही स्वस्त नसतो. ज्या घरात वह्यांची भ्रांत, तिथे हा डबा कुठून येणार? याला एक उत्तर महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. आय.आय.टी. कानपूरमधून १९७५ साली पदवी घेतलेले आणि पुण्याला टेल्कोत काम केलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हमधली बारीक रबरी नळी यांपासून गरिबांचा मेकॅनो तयार केला. नळीचा लहान तुकडा कापायचा, दोन्हीकडून काड्या खुपसायच्या, की सांधा तयार. तुकड्याला आडवे भोक पाडून दुसरा तुकडा ओवला की तीन-चार काड्यांचा सांधा. त्रिकोण ताठ राहतो, चौकोन डुगडुगतो. माझा दुपारभराचा धडा इथे थोडक्या पैशांत मिळतो. पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी दशकभर अशी खेळणी केली, शिकवली. २०१८ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. भोक पाडायला बाभळीचा काटा चालतो, आणि बीड जिल्ह्यात दुसरे काही नसले तरी बाभळी आहेत!

हाताने करत करत शिकायचे, ही वाट पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून विज्ञान आश्रमात दाखवली. शाळेत नापास ठरलेली मुले तिथे काम करता करता शिकली. आमच्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे चालवली जातात, काही कारखान्यांवर साखरशाळाही चालवल्या गेल्या. अशा ठिकाणी अन्न आणि पाटी यांच्या जोडीला नट-बोल्टांचा एक डबा असावा, असे मला फार वाटते. पाच-सहा मुलांत एक संच पुरतो. उलट तो एकट्याने खेळण्यापेक्षा मिळून खेळण्यातच गंमत आहे. एकाने पट्टी धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा.

आणि मुलींचे काय? मेकॅनोच्या जुन्या खोक्यांवर 'मुलांसाठी इंजिनिअरिंग' अशा अर्थाचे शब्द छापलेले असत, आणि ती मुले म्हणजे मुलगे. आमच्या घरीही डबा 'माझा' होता. ताई मी शाळेत गेल्यावर तो गुपचूप काढायची, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, असा आमच्या जिल्ह्याचा आकडा राज्यात सर्वांत कमी निघाला. मुलगी नको ही वृत्ती दवाखान्यात सुरू होते आणि खेळण्याच्या दुकानातही तिची पाठ सोडत नाही. भावाला पाना, बहिणीला भातुकली, ही वाटणी निदान आता तरी मोडायला हवी.

आई-बाबांसाठी चार गोष्टी

संच घ्यायचा तर आधी आय.एस.आय. चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचे आहे. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर नट-बोल्ट त्याच्या हाती लागू देऊ नका. ते सरळ तोंडात जातात. खेळायला बसताना खाली परात ठेवा, म्हणजे नट घरंगळत कपाटाखाली जात नाहीत. पहिली वस्तू पुस्तिकेत पाहून करू द्या, दुसरी मनाने. आणि सर्वांत अवघड गोष्ट: मूल चुकत असताना हात मागे बांधून बसा. बापाने करून दिलेली सुबक क्रेन कपाटावर शोभून दिसते, पण ती मुलाची नसते.

नट हरवले तर डबा भंगारात घालू नका. आमच्या डब्यातल्या भोकांत हार्डवेअरच्या दुकानातला चार मिलिमीटरचा बोल्ट बसतो. मात्र नटही त्याच मापाचा घ्या. जुन्या बोल्टवर नवा नट बळेच चढवाल, तर आटे गेलेच म्हणून समजा.

हे चार मिलिमीटरचे ज्ञान माझे नाही, त्या मित्राचे. त्याचे आज ट्रॅक्टर दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. शाळा दहावीपर्यंतही गेली नाही. सगळे श्रेय त्या डब्याला देण्याइतका मी भाबडा नाही. ते त्याच्या कष्टांचे आहे, आणि त्याच्यासारखीच हुशार कितीतरी मुले उसाच्या फडातच राहिली, हेही खरे आहे. आता फडात ऊस तोडणारी यंत्रे येऊ लागली आहेत. कोयत्याचे काम यंत्र करणार असेल, तर निदान त्या यंत्राचा पाना आमच्या मुलांच्या हातात असावा, असे तो म्हणतो.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. वडिलांनी म्हटलेले रूळ अखेर आले. ते पाहायला वडील नव्हते. ताईच्या नातीला मी दिवाळीत हे सांगितले, तर तिने डब्यातल्या पट्ट्या फरशीवर मांडल्या आणि पूल करायला घेतला. चार पट्ट्यांचा चौकोन झाला, डुगडुगू लागला. तिने नट आवळले, पुन्हा आवळले. माझ्याकडे पाहिले.

तिरपी पट्टी माझ्या पायाशीच पडली होती. मी हात मागे बांधून बसलो.