एकाच मुळाच्या अनेक पेशी

मानवी देहाचा आरंभ एका फलित पेशीपासून होतो. तिच्याच विभाजनातून पुढे डोळ्यात प्रकाश टिपणारी पेशी घडते आणि जठरात आम्ल स्रवणारीही. नवल असे, की या दोन्हींच्या केंद्रकात तीच सुमारे 20 हजार जनुके असतात. कोणती जनुके जागी राहतात आणि कोणती निद्रिस्त, एवढ्यावरून पेशीचे कार्य ठरते. या प्रक्रियेस ‘विभेदन’ म्हणतात.

विभेदन जन्माबरोबर थांबत नाही. अस्थिमज्जेत ते आयुष्यभर चालू असते. तेथील काही मूलपेशी मूळ रूपातच राहतात. इतरांपासून प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या बिंबिका तयार होतात. उंच पर्वतावर प्राणवायू कमी पडला, की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवतात आणि तांबड्या पेशींची निर्मिती वाढते.

तांबडी पेशी तर कार्यासाठी आपले केंद्रकच टाकून देते. त्यामुळे हिमोग्लोबिनला अधिक जागा मिळते. मात्र तिला पुन्हा विभागता येत नाही. सुमारे 120 दिवसांत तिचे आयुष्य संपते. ही झीज भरून काढण्यासाठी दर सेकंदाला जवळजवळ 20 लाख नव्या पेशी घडत असतात.

तीव्र रक्तकर्करोगात ही घडणच बिघडते. पेशी अपक्व अवस्थेत अडकून बेसुमार वाढतात. अशा काही रुग्णांना निरोगी दात्याच्या मूलपेशींचाच आधार उरतो. शिरेतून दिलेल्या या पेशी रक्तातून अस्थिमज्जेत पोहोचतात आणि नवे रक्त घडवू लागतात. दात्याचा रक्तगट निराळा असल्यास कालांतराने रुग्णाचा रक्तगटही बदलतो. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले.

खरी अडचण जुळणीची आहे. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक. अन्यथा अनोळखी दाता शोधावा लागतो आणि तो समान वंशपरंपरेच्या लोकांत सापडण्याचा संभव अधिक असतो. दाता म्हणून नाव नोंदवताना गालाच्या आतून बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो. पुढे जुळणी झाल्यास बहुतेक वेळा हाताच्या शिरेतूनच मूलपेशी घेतात आणि त्यांची भर दात्याचे शरीर काही आठवड्यांत काढते. घरातील तरुण मुलामुलींशी या विषयावर एकदा अवश्य बोलावे. त्यांच्या नोंदणीची वाट पाहणारे एखादे कुटुंब कोठेतरी असू शकेल.