गाऊन मिळवलेला पैसा

गेल्या कार्तिकातली गोष्ट. पहाटे आमच्या मेढ्यातील आळीत वासुदेव आला. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, अंगात घोळदार अंगरखा, हातांत टाळ आणि चिपळ्या. आमच्या घरातून सुपात तांदूळ बाहेर गेले. शेजारचा मुलगा सुट्टीवर आला होता. तो मुंबईला माथाडी काम करतो. तो म्हणाला, "गुरुजी, चांगला धडधाकट माणूस आहे हा. मग भीक कशाला मागतो? पाठीवर पोती घेतली तर मजुरी नाही का मिळणार?"

प्रश्न वाईट नव्हता. आपण तो नीट तपासून पाहू.

वासुदेव दारापुढे देवाचे नाव घेतो, पदे म्हणतो, ठेक्यावर नाचतो. धान्य झोळीत पडले की 'दान पावलं' म्हणून देवांची नावे घेतो. दुकानदार पावती देतो ना, तशीच ही तोंडी पावती. ही चाल फार जुनी आहे. ज्ञानेश्वर आणि नामदेव यांनी वासुदेवावर पदे रचली, त्यालाच सातशे वर्षे झाली. आज वासुदेव आणि गोंधळी या दोन्ही जमाती आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत.

गावात वासुदेवाला दारात मान आहे. शहरात गोष्ट निराळी होते. १९५९ साली मुंबई राज्यात भीक मागण्यास बंदी करणारा कायदा झाला. भीक कशाला म्हणावे, तेही त्यात सांगितले आहे. रस्त्यावर गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या किंवा खेळ करण्याच्या निमित्ताने दान मागणे वा घेणे, हीसुद्धा त्यात भीकच धरली आहे. पहिल्यांदा गुन्हा ठरला तरी माणसाला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. हाच कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता आहे. महाराष्ट्रात कायदा उभाच आहे.

आता परदेशात काय चालते, ते पाहू. पॅरिस शहरात जमिनीखालून रेल्वे धावते. तिथे १९९७ सालापासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना परवाना देतात. लंडनच्या भुयारी रेल्वेतही २००३ पासून परवाने आहेत. कुठे उभे राहायचे, ती जागा आखून दिलेली असते. परवानेवाला तिथे उजळ माथ्याने वाजवतो. ऐकणारा खूश झाला तर पैसे टाकतो.

तुम्ही म्हणाल, कला खरी असेल तर लोक आपोआप ओळखतील. तसे नेहमी होत नाही, बरं का. जोशुआ बेल नावाचा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक आहे. एका वर्तमानपत्राच्या सांगण्यावरून तो १२ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या भुयारी स्टेशनात साध्या कपड्यांत वाजवत उभा राहिला. त्रेचाळीस मिनिटे वाजवले. हजारावर माणसे पुढून गेली. थांबून ऐकणारी निघाली सात! एरवी लोक महागडी तिकिटे काढून ज्याला ऐकतात, तोच हा माणूस. हात तेच, वाद्य तेच, फक्त जागा बदलली.

हे सारे आम्ही त्या मुलाला सांगितले. मग विचारले, "अरे, तुझ्या पाठीवरच्या ओझ्याला तरी आधी कोण विचारत होते? १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळे झाली. मजुरी, रजा, निर्वाह निधी यांची सोय झाली. हमाल तोच, पण त्याच्या कष्टाला नाव मिळाले."

मुलगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग गाणाऱ्यांचं मंडळ कोण काढणार, गुरुजी?"

याचे उत्तर आम्हांला देता आले नाही. कायदा बदलणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. बाजारात, स्टँडवर कोणी गात असेल आणि आपण उभे राहून ऐकले असेल, तर ऐकल्याचे पैसे द्यावेत. ते देताना हात वरून सोडू नये. किराणा घेऊन दुकानदाराला देतो, तसे समोर धरून द्यावेत.