एका पौंडाचं घर

2013 साली इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या महापालिकेने तीसेक घरं प्रत्येकी एक पौंडाला विकायला काढली. त्या एका पौंडामुळे बातमी जगभर गेली. मला मात्र योजनेतल्या अटी अधिक मोलाच्या वाटतात. त्या कळायच्या तर आधी ते घर पाहायला हवं.

खाली दोन खोल्या, वर दोन. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढचं दार थेट फुटपाथवर उघडतं. मागे लहानसं फरसबंद परसू, त्यात एकेकाळी कोळशाची खोली आणि संडास, आणि पलीकडे बोळ. एकोणिसाव्या शतकात अशा घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या, कारण कामगाराला पहाटे चालत कारखाना गाठायचा होता. घराचा भाव ठरायचा तो त्या चालण्यावर.

कारखाने होते चिनी मातीच्या भांड्यांचे. कोळसा इथल्याच जमिनीतला. पांढरी माती दूर कॉर्नवॉलहून यायची. खाचखळग्यांच्या रस्त्याने कपबशा फुटत, म्हणून भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुडने कालव्यासाठी जिवाचं रान केलं आणि 1777 मध्ये ट्रेंट-मर्सी कालवा पुरा झाला. पुढे टन्स्टल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावं 1910 मध्ये एक होऊन स्टोक-ऑन-ट्रेंट झाली. ऐन भरात इथे बाटलीच्या आकाराच्या दोन हजारांवर भट्ट्या धूर ओकत होत्या. आज पन्नासही उरलेल्या नाहीत. 1956 च्या स्वच्छ हवा कायद्याने धूर गेला, ते बरंच झालं. गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्या आल्या. पण नंतर कामही जाऊ लागलं. खाणी बंद झाल्या, शेल्टनचा पोलाद कारखाना थंडावला, 2005 मध्ये रॉयल डॉल्टन या भांडी-कंपनीने बर्सलेमचा कारखाना बंद केला, 2008 मध्ये स्पोड ही दुसरी भांडी-कंपनी दिवाळखोरीत निघाली. घरं होती तिथेच राहिली, पण चालत जावं असं ठिकाण उरलं नाही.

यावर सरकारने 2002 मध्ये जो उपाय काढला, तो मला आजही पटत नाही. उत्तरेतल्या आणि मध्य इंग्लंडमधल्या नऊ भागांत जुनी घरं पाडायची, नवी बांधायची आणि भाव वर आणायचे, अशी ती योजना. स्टोक त्यांतलाच एक भाग. पाडकामाची यादी लागली की लोक निघून जात, खिडक्यांवर पत्रे ठोकले जात, आणि धडधाकट घरंही कुजायला लागत. 2011 मध्ये सरकारी पैसा थांबला तेव्हा कित्येक गल्ल्या अर्ध्या रिकाम्या, अर्ध्या उभ्या अशा राहिल्या.

हॅन्लीतलं ‘होल इन द वॉल’ हे ओटकेकचं दुकान याच पाडकामात गेलं. ओटकेक म्हणजे ओटच्या पिठाचं, आंबवलेलं, आपल्या धिरड्यासारखं मऊ प्रकरण. आत चीज आणि बेकन घालून नाश्त्याला खातात. इथे ते राहत्या घराच्या खिडकीतून विकलं जाई. अशी विक्री करणारं हे शेवटचं दुकान 2012 मध्ये बंद झालं. गल्ली पाडली की सकाळी रांगेत भेटणारी माणसंही पांगतात, आणि बाजारभावाच्या हिशेबात हे नुकसान कुठेच धरलं जात नाही.

म्हणून स्टोकमधल्याच कोब्रिजच्या पोर्टलंड स्ट्रीट परिसरातली एक पौंडाची योजना मला शहाणपणाची वाटते. घर घेणारा स्थानिक हवा, नोकरी करणारा हवा, त्याने स्वतः तिथे काही वर्षं राहायला हवं. दुरुस्तीसाठी सुमारे तीस हजार पौंडांचं कर्ज, तेही फेडायचं. म्हणजे घर फुकट नव्हतंच. आणि एकेक सुटं घर न विकता आजूबाजूची घरं एकाच वेळी दुरुस्त झाली, हे सगळ्यांत महत्त्वाचं. सामाईक भिंतीच्या घरात शेजारचं छप्पर गळत असेल, तर आपल्या भिंतीला कितीही रंग दिला तरी ओल येतेच.

स्टोकमधल्या घरांची सरासरी किंमत अजूनही इंग्लंडच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे. स्वस्ताई दिसली की भाड्यावर डोळा ठेवून बाहेरचे गुंतवणूकदार येतात, आणि पहिलं घर घेऊ पाहणाऱ्या स्थानिक जोडप्याला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. तिथे राहण्याची अट हवी ती यासाठी. बर्सलेममध्ये 1888 चा मिडलपोर्ट हा भांड्यांचा कारखाना संस्थांनी आणि देणगीदारांनी वाचवला. त्याला लागूनच असलेल्या हार्पर स्ट्रीटवरच्या कामगारांच्या पडक्या घरांत आता लहान कारागिरांच्या कार्यशाळा आहेत. तेही काम चांगलंच आहे. पण सार्वजनिक पैसा अपुरा असेल आणि एकाचीच निवड करायची असेल, तर मी तो पोर्टलंड स्ट्रीटसारख्या, माणसं राहत असलेल्या गल्लीवर खर्च करीन.