डेंग्यूचा ताप : रक्तस्राव आणि रक्तद्रवाची गळती

रोगाला मिळालेले नाव ही त्या काळच्या निरीक्षणाची नोंद असते, आणि निरीक्षण पुढे गेले तरी नाव सहसा मागेच राहते. डेंग्यूच्या बाबतीत हे विशेष जाणवते. फिलाडेल्फिया येथील वैद्य बेंजामिन रश यांनी १७८० च्या साथीचे वर्णन केले, तेव्हा हाडे मोडून काढणारा ताप हे लोकांच्या तोंडचे नाव त्यांनी नोंदवून ठेवले. हिंदीतील ‘हड्डीतोड बुखार’ किंवा आपल्याकडील ‘हाडमोड्या ताप’ ही नावे त्याच अनुभवातून आलेली आहेत. ‘डेंग्यू’ हा शब्द स्वाहिली भाषेतून कॅरिबियन बेटांवरील स्पॅनिशमध्ये आला असावा, असे बहुधा मानले जाते. ही सारी नावे रुग्णाच्या वेदनेशी प्रामाणिक आहेत आणि त्यांनी कोणाचे नुकसान केलेले नाही. नुकसान झाले ते नंतरच्या, वैद्यकाने स्वतः दिलेल्या नावामुळे.

१९५३-५४ मध्ये मनिला येथे आणि १९५८ मध्ये बँकॉक येथे लहान मुलांत एक नवाच आजार दिसू लागला. ताप, अंगावर रक्ताचे बारीक ठिपके, नाकातून रक्त आणि चार-पाच दिवसांनी एकाएकी हातपाय गार पडणे, अशी त्याची लक्षणे होती. त्याचे कारण डेंग्यूचाच विषाणू होय, हे लवकरच सिद्ध झाले. परंतु डोळ्यांना प्रथम दिसले ते रक्त, म्हणून नाव पडले ‘रक्तस्रावी ज्वर’. १९६३ मध्ये हा प्रकार कलकत्त्यास आला आणि १९९६ मध्ये दिल्लीत त्याने चारशेहून अधिक बळी घेतले. या नावाचा साधा अर्थ वाचणाऱ्याने कोणता घ्यावा? रुग्ण रक्त वाहून दगावतो, हाच. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. बहुतेक गंभीर रुग्णांच्या शरीरातून रक्त बाहेर जात नाही. रक्तातील पाणी आणि प्रथिने तेवढी वाहिन्यांबाहेर झिरपतात आणि तांबड्या पेशी आतच राहतात. मोठा रक्तस्राव होतो तो पुष्कळदा या गळतीने रक्ताभिसरण दीर्घकाळ मंदावल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये जे नवे वर्गीकरण स्वीकारले, त्यात ‘रक्तस्रावी’ या विशेषणाला मुख्य स्थान उरले नाही. आपल्या घराघरांतील समजुतीत मात्र ते अजून टिकून आहे.

ही गळती कशी होते ते पाहू. केशवाहिनीची भिंत म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या चपट्या पेशींचा एकेरी थर. त्या थरावर, रक्ताच्या बाजूने, शर्करा आणि प्रथिने यांचे एक अतिशय मऊ अस्तर असते. पाणी व क्षार यांना वाट द्यावी, मोठ्या प्रथिनांना अडवावे, हे काम बरेचसे या अस्तराचे आहे. डेंग्यूचा विषाणू ज्या पेशींत वाढतो, त्या पेशी एनएस-१ नावाचे एक प्रथिन रक्तात सोडतात. पुष्कळ काळ हे प्रथिन केवळ निदानाची खूण मानले जाई. ते स्वतःच वाहिन्यांची भिंत सैल करते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले. आणि भिंतीवरील अस्तर तोडणारी विकरे ते जागी करते, हे त्यानंतर दिसून आले. रोगाची खूण आणि रोगाचे हत्यार एकच निघावे, हे वैद्यकात वारंवार घडत नाही. शरीराचा स्वतःचा प्रतिकारही यात भर घालतो. विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने आलेल्या तापानंतर रक्तात राहिलेले प्रतिपिंड दुसऱ्या प्रकाराला मारण्याऐवजी काही वेळा पेशींत शिरण्यास साह्य करतात. स्कॉट हॉलस्टेड यांनी मांडलेल्या या विचाराला क्यूबाने मोठा आधार दिला. तेथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची सौम्य साथ आली होती. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला, तेव्हा १५८ माणसे दगावली.

येथे ‘रक्तवाहिन्यांची इजा’ हा शब्दप्रयोगही जपून करावा लागतो. शवविच्छेदनात वाहिन्या फाटलेल्या किंवा कुजलेल्या सहसा आढळत नाहीत. भिंत कोसळत नाही, तिचे सांधे सैल होतात. आणि एक-दोन दिवसांत ते पुन्हा घट्ट बसतात. म्हणूनच हा रोग एकाच वेळी इतका घातक आणि इतका बरा होण्याजोगा आहे. त्या दोन दिवसांत शिरेतून मोजून-मापून द्रव देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता आले, तर रुग्ण बहुधा वाचतो.

ते दोन दिवस कोणते, हाच कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सामान्य अनुभवाच्या अगदी उलट आहे. घाम फुटून ताप उतरला की घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. डेंग्यूत धोक्याचा काळ सुरू होतो तो प्रायः याच वेळी, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पोटात सतत दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, विलक्षण मरगळ, ही त्या काळाची पूर्वसूचना होय. रुग्ण शुद्धीवर असतो, प्रश्नांना नीट उत्तरे देतो. आणि तरीही त्याचा वरचा रक्तदाब १०० व खालचा ८० असा जवळ आलेला असतो. हे अंतर २० किंवा त्याहून कमी झाले, की अभिघाताची अवस्था आली असे समजतात.

आता रक्ताच्या अहवालाकडे वळू. त्यातील एकच आकडा घरोघरी चर्चिला जातो. ‘पेशी कमी झाल्या’ असे आपण म्हणतो. कोणी कोणी तर ‘पांढऱ्या पेशी’ असेही म्हणतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही घटतात, पण बोलणाऱ्याच्या मनात असतात त्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट. त्या दीड लाखाच्या वर असाव्यात. येथे त्या पन्नास हजार, वीस हजार अशा उतरत जातात आणि नातेवाईक रक्तपेढ्यांकडे धावू लागतात. पपईच्या पानांच्या रसाचा बोलबालाही याच आकड्यापोटी झाला. वस्तुतः रक्तस्राव नसताना केवळ आकडा वर आणण्यासाठी बिंबिका चढवल्याने प्रौढ रुग्णांत रक्तस्राव टळत नाही, असे सिंगापूर व मलेशिया येथील २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. बिंबिकांची घट ही सूचना आहे. तिच्याशी लढणे म्हणजे घंटेशी लढणे.

खरा बोलका आकडा त्याच कागदावर, जरा वर छापलेला असतो : हिमॅटोक्रिट, म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशींचे भाग किती. समजा, हा आकडा ४० होता आणि ४८ झाला. वाढ अवघी आठाची वाटते. परंतु पेशी तेवढ्याच राहिल्या असतील, तर एकूण रक्त १०० वरून सुमारे ८३ भागांवर आले आणि रक्तद्रव ६० वरून ४३ वर. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक द्रव वाहिन्यांबाहेर गेला. मूळ आकड्याच्या एक-पंचमांश वाढ ही गळतीची खूण मानतात, ती यामुळे. यातही आपल्या देशात एक मेख आहे. पंडुरोगी स्त्रीचा मूळ आकडा ३० असेल, तर तो ३६ झाल्यावरही कागदावर काही विपरीत दिसत नाही. उलट सुधारणा झाल्यासारखे वाटते. पोटात रक्तस्राव चालू असेल तर आकडा वाढण्याऐवजी उतरतो आणि गळती झाकली जाते. म्हणून एका दिवसाचा आकडा फारसे सांगत नाही. पहिल्या दिवसापासूनच्या आकड्यांची ओळ सांगते.

गळती सुरू होण्यापूर्वीच ओळखता यावी, यासाठी नव्या खुणांचा शोध चालू आहे. भिंतीवरील अस्तर तुटले की त्याचा एक तुकडा, सिंडेकॅन-१, रक्तात वाढतो. सांधे सैल करणारे अँजिओपोएटिन-२ हे द्रव्यही वाढते. आणि ते घट्ट ठेवणारे अँजिओपोएटिन-१ घटते. हे दुसरे द्रव्य बिंबिकांत साठवलेले असते, तेव्हा बिंबिकांची घट आणि भिंतीचे सैलपण यांचा धागा येथे कुठेतरी जुळत असावा. या परीक्षा अजून मुख्यतः संशोधनापुरत्या आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात तापाच्या रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरपाशी आजही हिमॅटोक्रिट, नाडी, रक्तदाब आणि लघवीचे माप हीच साधने असतात. आणि त्याला एक गोष्ट आणखी पाहावी लागते : गळती थांबली, की बाहेर गेलेला द्रव आपोआप वाहिन्यांत परतू लागतो. तेव्हा सलाईन वेळीच बंद केले नाही, तर तेच पाणी फुप्फुसांत साठते.