सिरपआधी सेकंदकाटा

मौद्यात धानाची रोवणी आटोपते, पाऊस ओसरू लागतो आणि कन्हानकाठच्या घराघरांत लेकरांची नाकं गळू लागतात. मग औषधाच्या दुकानात जाऊन 'खोकल्याची बाटली द्या' म्हणायचं, हा आपला शिरस्ता.

लहान मुलांची सर्दी बहुतेकदा विषाणूंची असते. एकट्या राइनोव्हायरसचे दीडशेच्या वर प्रकार आहेत; एकाशी लढून झालं की दुसरा हजर. आरएसव्ही हा विषाणू तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजवतो. जानेवारी 2025 मध्ये नागपूरच्या दोन मुलांच्या तपासणीवरून ज्याची धास्ती पसरली, तो एचएमपीव्ही 2001 मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता. फ्लू आणि कोविड वगळता अशा विषाणूंवर नेहमीच्या वापरातलं औषध नाही. अँटिबायोटिकचा विषाणूंवर काडीचाही परिणाम होत नाही.

आणि सिरप? सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येत होती. दुखणं साध्या सर्दी-तापाचं. घात केला बाटलीने. तामिळनाडूतल्या तपासणीत 'कोल्ड्रिफ' सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळलं. वीसहून अधिक मुलं गेली. त्याच सुमारास केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊच नका, पाच वर्षांखाली शक्यतो टाळा. विष नसलेलं सिरपही या वयात फारसं काही साधत नाही, हे मात्र कोणी ठासून सांगत नाही.

खरी भीती न्यूमोनियाची. श्वास मोजून तो गावातच ओळखता येतो आणि मृत्यू टाळता येतात, हे विदर्भात सिद्ध झालं. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीत गावकऱ्यांनाच श्वास मोजायला आणि योग्य वेळी अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. शाळा न पाहिलेल्या सुइणींसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ जोडून साधन केलं. 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांत 17.5, या गावांत 8.1.

श्वास मोजणं घरीही जमतं. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, झबलं वर करा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण मिनिटभर मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून जास्त भरले, की दवाखाना. एरवी अंगावरचं दूध चालू ठेवा, पातळ पदार्थ द्या, नाक मोकळं करा, ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो, त्याआधी नाही. खोकला दोन आठवडेही रेंगाळतो.

पण बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ पीत नसेल किंवा गुंगीत असेल, तर मध्यरात्रीही ग्रामीण रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.