गोळी, दूध आणि पपनस

प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक औषधे ‘उष्ण पडतात’, म्हणून ती दुधाबरोबर घ्यावीत, हा समज महाराष्ट्रात घरोघरी रुजलेला आहे. परंतु टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांच्या बाबतीत तो रुग्णाच्या हिताविरुद्ध जातो, कारण दुधातील कॅल्शियम या औषधांच्या रेणूंना जखडून ठेवते आणि अशा रीतीने तयार झालेले संयुग आतड्याच्या अस्तरातून रक्तात सहजासहजी शिरत नाही. गोळी पोटात गेली म्हणजे औषध रक्तात पोहोचले, असे नव्हे. याउलट आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके जठराच्या अस्तराला इजा करू शकत असल्यामुळे ती खाण्यानंतर किंवा दुधाबरोबर घेण्याचा सल्ला दिला जातो. तेव्हा दूध सरसकट पथ्यही नाही आणि सरसकट कुपथ्यही नाही.

सकाळच्या चहाचे गणित असेच आहे. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावलेल्यांना दिले जाणारे लेव्होथायरॉक्सिन हे औषध रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर आणि न्याहारीच्या निदान अर्धा तास आधी घ्यायचे असते, कारण चहा, कॉफी, दूध आणि सोयाबीनचे पदार्थ त्याचे शोषण घटवतात, आणि कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या तर त्याच्यापासून चार तास दूर ठेवाव्या लागतात. गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीवरही चहातील टॅनिनसारखी तुरट द्रव्ये परिणाम करतात. तीच गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेतली, तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण सुधारते.

शोषण घटल्याने औषध अपुरे पडते. मात्र काही पदार्थांमुळे ते नको तितके वाढते, आणि हे प्रकरण अधिक गंभीर असूनही त्याचा शोध योगायोगाने लागला. कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हे तपासत होते आणि मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता; रक्तातील औषधाचे प्रमाण अपेक्षेहून कितीतरी अधिक निघाले, तेव्हा संशयाची सुई मद्यावरून रसाकडे वळली आणि १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, असते आणि ते अनेक औषधांचा काही भाग रक्तात पोहोचण्यापूर्वीच मोडून टाकते; ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमारिन ही द्रव्ये या विकराला कायमचे निकामी करतात, त्यामुळे शरीर नवे विकर तयार करीपर्यंत, बहुधा एक दिवसाहून अधिक काळ, परिणाम टिकतो, आणि म्हणून रस सकाळी व गोळी रात्री घेण्याची युक्ती फारशी उपयोगी पडत नाही. कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन आणि अवयव प्रत्यारोपणानंतर द्यावे लागणारे टॅक्रोलिमस ही यातील ठळक औषधे होत.

ग्रेपफ्रूट मराठी माणसाच्या बाजारात क्वचितच दिसते, म्हणून हा विषय परका मानण्याचे कारण नाही. गणपतीच्या दिवसांत कोकणात मिळणारे पपनस हे ग्रेपफ्रूटच्या जन्मदात्या फळांपैकी एक असून त्यातही फ्युरानोकुमारिन असतात. संत्री आणि मोसंबी या विशिष्ट आरोपातून बहुतांशी सुटतात.

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनची बाब निराळी आहे. हे औषध ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणून रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती कमी करते, आणि पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत हे जीवनसत्त्व विपुल असते. म्हणून पुष्कळ रुग्ण पालेभाज्या साफ सोडून देतात, वास्तविक आवश्यकता असते ती त्यांचे प्रमाण आठवड्यागणिक साधारण सारखे राखण्याची, कारण औषधाची मात्रा त्या रुग्णाच्या नेहमीच्या आहारावर बेतलेली असते.

किनारपट्टीवरील क्षयरुग्णांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बांगड्यासारखी मासळी शिळी झाली की तीत हिस्टामीन तयार होते, जे शिजवूनही नष्ट होत नाही, आणि क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध हिस्टामीनचे विघटन करणाऱ्या विकराला रोखते. परिणामी जेवणानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, छातीत धडधडणे अशी लक्षणे दिसू शकतात. क्षयरुग्णाला प्रथिनांची गरज असल्याने मासळीच बंद करणे हा उपाय ठरत नाही, ती ताजी आणि बर्फात नीट राखलेली असावी; त्याहून मोठा धोका असा, की हा त्रास औषध मानवत नसल्याचे लक्षण समजून रुग्ण डॉक्टरांना न विचारताच गोळ्या थांबवतो आणि अर्धवट सुटलेल्या उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो.